बोरखणला गिऱ्हाईक आलं

बोरखणच्या क्लबाला गिऱ्हाईक आलं, ही बातमी मला माझ्या मेहुण्यानं सांगितली. माझ्याच घरापुढच्या बाल्कांवात बसून, माझाच चहा पीत, माझाच उंडो त्यात बुडवून. उंडो म्हणजे कडक पाव, भिजायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो नुसता हसत होता. बाबुराव हसायला लागला की समजायचं, आपलं काहीतरी नुकसान झालं आहे.

"भावोजी, खंय बोलू नकात," तो म्हणाला. म्हणजे बोरखणभर सांगून झालं होतं. "दिल्लीची पार्टी आसा. आमचो क्लब इकत घेतत."

बोरखण म्हणजे डोंगरापलीकडचं गाव. डोंगर एकच. अलीकडे आमचं आंबेगाळ, ते गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. पलीकडे बोरखण, ते पेडण्यात. आमची देवी सातेरी, त्यांची केळबाय. देवी सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्या नावाचे फुटबॉल क्लब मात्र सख्खे वैरी. माझी बायको सुशीला बोरखणची. मागच्या गणेशचवथीनंतर ती गेली. बाबुराव तिचा धाकटा भाऊ, आणि केळबाय यूथ क्लबाचा अध्यक्ष. एवढं सांगितलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

"इकत घेतत म्हणजे काय घेतत?" मी विचारलं. "पेटी?"

केळबाय यूथची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या पेटीत मावते. दोन फुटबॉल, एक पंप, जाळ्याचे तुकडे आणि एका माजी आमदाराच्या नावाची ढाल. आमच्या सातेरी स्पोर्ट्सकडेही अशीच पेटी आहे. पण आमची पेटी मोठी आहे आणि आमचा आमदार दोनदा निवडून आला होता.

बाबुरावानं माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. "फ्लडलाइट घालतले. हिरवा गवत. केरळातसून कोच येतलो. आणि खेळून झाल्यार न्हाणीत गरम पाणी."

फ्लडलाइट मी सहन केले. माझा जन्म वीज खात्यात मीटर वाचण्यात गेला. फ्लडलाइट लावणारे पुढे काय भोगतात ते मी पाहिलं आहे. कोचही सहन केला. पण गरम पाणी काही सहन होईना. आमची पोरं खेळून झालं की व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाय धुतात आणि चिखल अर्धा घरी नेतात. बोरखणची पोरंही तसंच करत आली. आता ती गरम पाण्यानं न्हाणार, आणि आमची व्हाळात उभी राहून त्यांच्या केसांचा वास घेणार.

मत्सर करू नये असं सगळे सांगतात. सांगणाऱ्याच्या शेजारी बोरखण नसतं. दिल्लीतल्या श्रीमंतांचा मला कधी मत्सर वाटला नाही. त्यांचं त्यांना लखलाभ. माणसाला मत्सर वाटतो तो आपल्याएवढ्याच माणसाचा, ज्याची म्हैस कालपर्यंत आपल्या म्हशीसारखीच हाडकुळी होती.

बाबुराव गेला. जाताना उरलेला उंडोही घेऊन गेला.

सुशीला असती तर त्या संध्याकाळी आमच्या घरात चांगलं भांडण झालं असतं. लग्न होऊन ती आंबेगाळला आली, आमचं आडनाव लावलं, आमच्या देवीची ओटी भरली, पण फुटबॉलमध्ये ती कायम बोरखणची राहिली. आम्ही जिंकलो की त्या रात्री नुसती पेज आणि तोर, म्हणजे खारातली कैरी. आम्ही हरलो की खीर. माझी सून रेश्मा नवीन आली तेव्हा तिला वाटायचं सासूबाई सासऱ्यांच्या दुःखात गोड करतात, किती प्रेमळ. पुढे तिला कळलं.

आता भांडायला घरात कोणी नव्हतं. मी जनेलातून बाहेर तोंड करून एकट्यानंच दोन-तीन उत्तरं दिली. चांगली होती. वाया गेली.

दुसऱ्या दिवशी मी जयरामच्या दुकानात गेलो. जयराम आमच्या क्लबाचा अध्यक्ष. त्याच्या दुकानात तांदूळ, खिळे आणि सल्ला मिळतो. सल्ला उधारीवर नसतो, लगेच देतो. बातमी ऐकून त्यानं तराजू खाली ठेवला.

"त्येंका घेतले? त्येंचो गोलकीपर मोतीबिंदूचो आसा."

"तोच," मी म्हणालो.

"आणि आमका कोण इचारणा नाय?"

दुकानात जमलेल्या सगळ्यांना हाच प्रश्न पडला. क्लब विकावा की विकू नये, श्रीमंत माणसं गावात आली तर काय होईल, याचा विचार कोणी केला नाही. विचार एकच झाला: त्यांना का, आम्हाला का नाही. एक म्हणाला, आपण 'विकायचे नाही' असा फलक लावू, म्हणजे गिऱ्हाईक धावत येईल. दुसरा म्हणाला, आपण गरीब दिसलं पाहिजे, श्रीमंतांना दया आवडते. माझी शेजारीण लक्ष्मीवैनी साखर घ्यायला आली होती. ती म्हणाली, "पयले गोलाचे खांबे रंगवा. पोरगी बघूक येतत तेव्हा दार तरी रंगवतात मां?"

हे सगळ्यांना पटलं. गोलाचे खांब रंगवायचं ठरलं, आणि मी रिकामा म्हणून काम माझ्याकडे आलं. बायको गेलेल्या माणसाला गाव फार सांभाळतं. त्याला एक मिनिट रिकामं बसू देत नाही.

खांब सुरूच्या लाकडाचे होते. पांढरा रंग लावला तेव्हा सुंदर दिसले. जयरामनं सांगितलं, खांबाला टेकून फोटो काढूया. कमिटी टेकली. खांब आतून वाळवीनं खाल्लेला होता. तो इतकी वर्षं केवळ सवयीनं उभा होता. कमिटीचं वजन त्याला नवं होतं. फोटोत पाच माणसांचे पाय आले, आणि एक म्हैस. म्हैस उभी होती.

मग कळलं की खांब ही लहान गोष्ट आहे. आमचं मैदान म्हणजे सात घरांचं सामाईक शेत. पावसाळ्यात भात, भात कापलं की फुटबॉल. उद्या कोणी विकत घ्यायला आलं तर सातही घरांची संमती हवी. एकानं नाही म्हटलं की कागद पुढे जात नाही. त्यातलं एक घर माझं. उरलेल्या सहांकडे मला पाठवलं, कारण मीटर वाचताना मी सगळ्यांच्या घरात गेलेलो. लोक हे विसरतात की मीटरवाल्याला कोणी प्रेमानं बोलावत नाही.

दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती, फणसाच्या एका फांदीवरून. मी एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत बसलो आणि मधल्यामध्ये दोघांच्या शिव्या खाल्ल्या. एका घरानं संमती दिली, पण आधी फणसाची फांदी तोडा म्हणून सांगितलं. ती मी तोडली. मग दुसरं घर माझ्याशी बोलेनासं झालं. शेवटी मी फणस त्यांना दिला, फांदी यांना दिली, आणि संमती घेतली. जागेच्या कागदांसाठी तालुक्याच्या एका कचेरीत गेलो तर तिथला कारकून माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, ओळख निघाली, काम झालं. ओळख होतीच. त्याच्या सासूचं कनेक्शन मी एकदा कापलं होतं. त्यानं मला बसायला कदेल दिलं, पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. एक शब्द उणा बोलला नाही. नियमानं कनेक्शन कापणाऱ्या माणसाला नियमानं बसवण्यात काही चूक नाही, त्यामुळे मला रागही धड येईना.

हे सगळं झालं तरी गिऱ्हाईक कुठे होतं? ते तर बोरखणला येणार होतं.

आमच्या गावाबाहेर तिठा आहे. एक रस्ता आमच्याकडे येतो, एक डोंगराला वळसा घालून बोरखणला जातो. फोनवरचा नकाशा तिथे घोटाळतो आणि गाडी काजूच्या बागेत नेऊन सोडतो, म्हणून परकी माणसं तिथे थांबून विचारतात. त्या तिठ्यावर मी काही मुद्दाम बसलो नव्हतो. रोज सकाळी जाऊन बसत होतो, एवढंच.

एका सकाळी पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली. आत काळा चष्मा लावलेली एक तरुण बाई.

"काका, बोरखणला कसं जायचं? फुटबॉल क्लब बघायचाय."

"बोरखणचा रस्ता वाईट आहे," मी म्हणालो. हे खरं होतं. "फुटबॉल बघायचं असेल तर आंबेगाळला चला." हेही माझ्या मते खरं होतं.

अशी सेजल मॅडम आमच्या गावात आली. मुंबईची, दिल्लीच्या साहेबांच्या कंपनीत कामाला. नव्या विमानतळाच्या बाजूला ही कंपनी बंगले बांधत होती. "नुसते बंगले विकले जात नाहीत, काका," ती मला म्हणाली. "आजूबाजूला काहीतरी जिवंत लागतं. मंदिर, नदी, फुटबॉल. लोकांना मालकी वाटली पाहिजे." तिनं मैदान पाहिलं, पडलेला खांब पाहिला आणि खूश झाली. म्हशीचे फोटो काढले. जयरामला ते आवडलं नाही. तो मला हळूच म्हणाला, "सांग तिका, म्हस बोरखणची म्हणान."

जेवायला मी तिला घरी आणलं. रेश्मानं सोलकढी आणि सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी केली. जेवताना मॅडमनं विचारलं, बोरखण इथून किती लांब? मी म्हणालो, डोंगरापलीकडे. ती थोडा वेळ काट्या-चमच्याशिवाय हातानं जेवण्यात गुंतली आणि मग म्हणाली, "मग दोन क्लब कशाला? सरांना सांगते, दोन्ही घ्या आणि एक करा. एक टीम, एक मैदान. नॉर्थ हिल्स एफसी. मैदान तुमचं छान आहे."

मैदान तुमचं. हे दोन शब्द ऐकले आणि मी आमटी पुन्हा वाढायला सांगितली. बाबुरावाचं गरम पाणी आता आमच्या गावात येणार होतं. बोरखणची पोरं डोंगर उतरून आमच्याकडे न्हायला येणार होती. बातमी पसरली तशी आमच्या गावात जत्रेसारखं झालं. दुसऱ्या दिवशी बाबुराव मोटरसायकल घेऊन आला. चहा घेतला नाही.

"तिठ्यार बसून गिऱ्हाईक चोरतास, भावोजी? मीटर वाचता वाचता हीच विद्या शिकलास?"

"मी रस्ता सांगितला."

"बायगे असती तर तुमका घरात घेतला नसता."

बायगे म्हणजे सुशीला. तो मोठ्या बहिणीला तसंच म्हणायचा. तो म्हणाला ते खरं होतं, आणि मला ते ऐकून बरं वाटत होतं. ती गेल्यापासूनच्या चार महिन्यांत माझ्यावर असं कोणी रागावलं नव्हतं. सगळे मऊ बोलत होते.

तो गेल्यावर रेश्मा कप उचलायला आली. ती सावंतवाडीकडची, फुटबॉलचं तिला काही नाही. तिनं सहज विचारलं, "बाबा, दोन्ही क्लब एक झाले की मग तुळशीच्या लग्नानंतरची मॅच कोणाची कोणाबरोबर?"

मी म्हणालो, "होईल कोणाशीतरी." आणि उठून परसात गेलो.

दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आंबेगाळ आणि बोरखणची मॅच असते. आमच्या शेताच्या दोन बाजूंना दोन बांध आहेत. अलीकडच्या बांधावर आम्ही, पलीकडच्यावर बोरखण. त्या दिवशी सुशीला सकाळपासून माझ्याशी बोलायची नाही. दुपारी डबा घ्यायची, मैदान चालत ओलांडायची आणि पलीकडच्या बांधावर बाबुरावाच्या शेजारी जाऊन बसायची. लग्न झाल्यापासून हेच. संध्याकाळपर्यंत मी तिला समोरून बघायचो. खरं सांगायचं तर मला बाबुरावाचा हेवा वाटायचा. माझी बायको, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसायचा तो. दोघं डोकं जवळ घेऊन बोलायची, हसायची. काय बोलतात ते मला ऐकू यायचं नाही.

मागच्या वर्षी ती नव्हती. ती जाऊन थोडेच दिवस झाले होते, मी गेलो नाही. यंदा जाईन असं मनात होतं. ती समोर नसली तरी समोरचा बांध असेल, बोरखण असेल. त्यांच्यावर चिडता येईल. ती त्यांच्यातलीच. तेवढं तरी उरलं होतं, आणि ते मी स्वतः तिठ्यावर बसून विकायला काढलं होतं.

आता मागे कसं फिरायचं? सहा घरांची संमती मीच गोळा केलेली, फणसाची फांदी मीच तोडलेली. मी माझी संमती तेवढी दिली नव्हती. माझी तर घरचीच, शेवटी देऊ म्हणून राहिली होती. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बायकोला समोरून बघायची सवय आहे, हे काय जयरामच्या दुकानात सांगण्यासारखं कारण आहे?

मग मला सुचलं. कमिटीत मी म्हणालो, "गावाची वस्तू विकायची, आणि देवीला विचारायचं नाही?"

आमच्याकडे विहीर खणायची, लग्न ठरवायचं, जागा द्यायची, काहीही असो, देवीचा कौल लागतो. देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जयराम म्हणाला, "कृष्णनाथ बोलता ता खरा." माझी भक्ती बघून दोघा-तिघांना कौतुक वाटलं. मी मनात देवीला सांगून ठेवलं होतं, डावी.

कौलाच्या दिवशी दिल्लीचे साहेब स्वतः आले. गोरे, उंच, पायात मोज्यांसकट बूट. ते काढायला त्यांना वेळ लागला. बोरखणकडून बाबुराव आणि चार माणसं आली. तीही नवे कपडे घालून, लग्नाला आल्यासारखी. गुरवाचा मुलगा गौरेश हल्ली पूजा बघतो. त्यानं पाकळ्या लावल्या, सगळे पंखे बंद केले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"आई सातेरी, आज तुजी लेकरां तुज्या दारात उबी आसत. दोन गावांचो क्लब इकूक तुजी परवानगी आसा काय नाय, ता सांग."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मॅडमनं शिकवल्यामुळे साहेबही म्हणाले, जरा उशिरा.

मग वाट बघायची होती. साहेबांचा शर्ट भिजायला लागला.

"किती वेळ लागतो?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"ता देवीच्या हातात," गौरेश म्हणाला.

"अंदाजे?"

"शाळेच्या जागेचो कौल लावलेलो तेव्हा सांज झाली."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं देवीकडे पाहिलं. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, कोणी जरा फुंकर घातली तर चालेल का, दोन्ही बाजूंना सारखी. गौरेश बी. कॉम. झालेला आहे, त्यानं शांतपणे नाही म्हणून सांगितलं. आणखी वेळ गेला. पाकळ्या जशाच्या तशा. शेवटी जयराम म्हणाला, पाहुण्यांना जेवायला बसवू, महाप्रसाद तयार आहे. राखणीला दोन्ही गावांचा एकेक माणूस ठेवू. "कृष्णनाथ ऱ्हांव दे. त्येची घरात कोण वाट..." एवढं बोलून तो थांबला, खोकला, आणि पाहुण्यांना घेऊन गेला. गौरेश नैवेद्याचं बघायला गेला. बोरखणकडून बाबुराव राहिला.

आम्ही दोघं गाभाऱ्यासमोर मांडी घालून बसलो. तिठ्यावरून झालेल्या भांडणानंतर आम्ही बोललो नव्हतो. बाहेर पत्रावळींचा आवाज येत होता. आमटीचा वासही.

"बाबुराव," मी विचारलं. "मॅचच्या दिवशी ती तिथे बसून काय बोलायची रे?"

"कोण, बायगे?"

"मग कोण."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पाकळीकडेच बघत राहिला. "मॅच खंय बघी ती? अर्धो वेळ तुमकाच बघी. 'बघ, परत टोपी इसारलो. बघ, त्या जयरामाबरोबर भजी खाता, रातीक पित्त होतला आणि माका उठयतलो.' गोल झालो की माका इचारी, कोणी घातलो रे? माका मॅच बघूक दिली नाय तिणां कधी."

"आणि हसायची कशाला?"

"तुमी उठून नाचूक लागलास की हसी. म्हणी, आमच्या ह्येंका नाचूक येणा नाय, पण हौस बघ."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती तिकडची होऊन बसते. मी इकडून तिच्याकडे बघतो आणि ती बोरखणकडे बघते. त्या बाबुरावाचा मी फुकट हेवा केला. बिचाऱ्याला धड मॅचही बघायला मिळाली नव्हती.

"माका पण खटकता, भावोजी," तो म्हणाला. "आमची पोरां सगळी विकूया म्हणतत. मी अध्यक्ष. पण माज्या बाजूक तिची जागा आसा. प्लास्टिकाची कदेलां घातल्यार ती खंय जातली?"

एवढ्यात पाकळी पडली.

आवाज होत नाही. होती तिथे नव्हती, एवढंच. आम्ही दोघं पुढे वाकलो.

"उजवी," बाबुराव म्हणाला.

"उजवी."

"आमच्या दोघांशिवाय कोणी बघूक नाय."

"देवीनं बघितलं," मी म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, आणि एकदा गेलं म्हणजे झालं. बाबुरावानं मान हलवली. तो लबाड आहे, पण देवळात नाही.

मी बाहेर गेलो. पंगत भाताच्या दुसऱ्या वाढीवर होती. मी सांगितलं, "उजवी पडली. देवीनं होकार दिला."

लोकांनी जागच्या जागी हात जोडले. साहेब खिशातून रुमाल काढून तोंड पुसायला लागले. जयराम उठला तो खरकट्या हातानं मला मिठी मारायला. मी एक पाऊल मागे घेतलं.

"पण माझ्या घराची संमती नाही," मी म्हणालो.

जयराम तसाच हात पसरून उभा राहिला. "देवी व्हय म्हणता आणि तू नाय म्हणतंस? देवीपेक्षा मोठो झालंस?"

"देवीला आपण परवानगी मागितली. तिनं दिली. विकाच, असा हुकूम नाही केला. खात्यानं कनेक्शन मंजूर केलं म्हणून घरात दिवा लावलाच पाहिजे असं नसतं."

"मगे तूच तर सगळ्यांच्या सह्यो घेतलंस. माजो फणस तोडलंस," फणसवाला पंगतीतून म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता, पण हे बोलला.

कारण द्यावंच लागलं. मी वळवून सांगायला गेलो तर जमेना, म्हणून सरळ सांगितलं. "क्लब एक झाला की समोर बोरखण नसणार. सुशीला समोर बसायची. मला ती मॅच हवी आहे. वर्षातून एकदा मला बोरखणवर चिडायचं आहे. दुसरं कारण नाही."

कोणी जेवत नव्हतं. लक्ष्मीवैनी हातात डाव घेऊन उभी होती, तिनं तो परत टोपात ठेवला. बाबुराव माझ्या मागून बाहेर आला आणि म्हणाला, "केळबाय यूथ पण नाय म्हणता." त्याच्या चार माणसांनी त्याच्याकडे असं पाहिलं की परत जाताना तो एकटा जाणार हे मला कळलं.

साहेबांनी मॅडमला विचारलं, काय चाललंय. मॅडमला सगळं कळलं होतं, पण हिंदीत कसं सांगावं ते कळत नव्हतं. ती म्हणाली, "सर, यांच्या पत्नीचा प्रश्न आहे."

"मग तसं सांगायचं," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाईत होते. "त्यांचा हिस्सा किती आहे? त्यांना बोलवा. मी स्वतः समजावतो."

जयराम जमिनीकडे बघायला लागला. रेश्मानं पदर तोंडाला लावला. मला मात्र साहेबांचा राग आला नाही.

"बोलवा साहेब," मी म्हणालो. "मी बोलावून बघितलं. माझ्या बोलावण्यानं येत नाही."

साहेब विमानाला वेळेवर पोचले असं पुढे कळलं. गावानं मला किती दिवस वाळीत टाकलं ते सांगत नाही, पण जयराम तांदूळ देताना तराजूच्या दांडीकडेच बघायचा, माझ्याकडे बघणं त्यानं बंद केलं होतं. हे सगळं एका दुपारी संपलं. कंपनीनं किनाऱ्यावरच्या हरमलचा एक क्लब घेतल्याची बातमी आली. मग मात्र आंबेगाळ आणि बोरखण पहिल्यांदाच एका बाजूला उभी राहिली. हरमलवर जळायला. समुद्र त्यांना, पर्यटक त्यांना, आता क्लबही त्यांना. त्यांच्या गोलकीपरला धड पोहताही येत नाही, असं जयराम म्हणाला, आणि फुटबॉलशी त्याचा काय संबंध हे कोणी विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर बाबुराव मोटरसायकल घेऊन आला. "चला भावोजी, बघून येवया." मी मागे बसलो. हरमलच्या मैदानात हिरवं प्लास्टिकचं गवत होतं, कडेला रेती उडू नये म्हणून जाळी. एकाच बाजूला खुर्च्या, प्रत्येकीला नंबर. दुसऱ्या बाजूला लांब भिंत आणि तिच्यावर बंगल्यांची जाहिरात. आम्हाला शेजारशेजारच्या खुर्च्या मिळाल्या. गवत खोटं आहे, असं मी म्हणालो. खुर्च्या टोचतात, असं तो म्हणाला. मनातून दोघांचं काळीज जळत होतं. खुर्च्या अजिबात टोचत नव्हत्या. पाठीला आराम वाटत होता, हे त्याहून वाईट.

हाफटाइमला बाबुराव भिंतीकडे बघत बसला होता.

"समोर कोण नाय, भावोजी," तो म्हणाला.

"नाही."

परतताना तिठ्यावर त्यानं मला उतरवलं. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. त्यानं गाडी चालू ठेवली आणि म्हणाला, "मॅचच्या आयतवारी माज्याशी बोलूचा नाय. आणि माज्या बाजूक टकामका बघूचा नाय."

"तुझ्याकडे कोण बघतंय," मी म्हणालो.